घरातल्या वडीलधाऱ्यांचे वजन उतरते आहे: काय पाहावे, काय करावे

मराठवाड्यातल्या अनेक गावांत वर्षातले काही महिने म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे तेवढीच मागे उरतात. बीड, धाराशिव, जालना या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. शिकलेली लेकरे पुण्या-मुंबईला असतात, ती सणावारालाच येतात. परतून आलेल्या सुनेला किंवा लेकीला मग जे एकदम दिसते, ते रोज शेजारी बसणाऱ्याच्या लक्षात आलेले नसते. बांगड्या कोपराकडे सरकू लागलेल्या असतात, गालफडे आत गेलेली असतात, चोळी खांद्यावरून उतरत असते. आणि कोणीतरी म्हणते, “वय झालं, आता अंग उतरणारच.”

हे वाक्य मला फार घातक वाटते, कारण त्यामुळे पुढची चौकशीच थांबते. वयाने वजन उतरते हे खरे असले, तरी निरोगी वृद्धाचे वजन केवळ वयामुळे वर्षाला साधारण शंभर-दोनशे ग्रॅमच कमी होते. सहा महिन्यांत तीन किलो गेले असतील तर ते वय नव्हे. त्यामागे काहीतरी आहे आणि पुष्कळदा ते शोधता येते, दुरुस्तही करता येते. म्हणून खाऊ घालण्याची घाई करण्याआधी कारण शोधावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वजन करा आणि लिहून ठेवा

“वाळल्यासारखी दिसते” एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही, आकडा लागतो. घरी काटा नसेल तर गावातल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन करता येते, आणि आशाताईंना विचारले तर त्या मदत करतात. वजन दर वेळी त्याच काट्यावर, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, अनवाणी आणि साधारण तेवढ्याच कपड्यांत करावे. एरवी महिन्यातून एकदा आणि वजन उतरत असल्याची शंका असेल तर आठवड्यातून एकदा केलेले पुरे. रोज करू नये, कारण पाणी कमी-जास्त प्याल्यानेही आकडा हलतो आणि घरात उगाच धास्ती पसरते. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या-त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहून ठेवला की तो हरवत नाही.

प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत मूळ वजनाच्या पाच टक्के किंवा त्याहून जास्त वजन कमी झाले, तर डॉक्टरांकडे जाण्यास तेवढे कारण पुरेसे मानतात. पन्नास किलोच्या माणसात हे अडीच किलो होतात, साठ किलोच्या माणसात तीन. दहा टक्क्यांपर्यंत गेले असेल तर आठवडाभरही थांबू नये. मागचा आकडा कोणाकडेच नसेल तर दवाखान्याचे जुने कागद काढून पाहावेत, बहुतेक वेळा त्यावर कोठेतरी वजन लिहिलेले असते.

ज्यांना काट्यावर उभे राहता येत नाही, त्यांच्यासाठी शिंप्याच्या टेपने पोटरीचा घेर मोजावा. पाय सैल सोडून, पोटरी जिथे सर्वांत जाड असते तिथे टेप लावावा. घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर अंगावरचे मांस झिजले आहे असे समजावे. मात्र पायांना सूज असेल तर ना काटा खरे सांगतो ना टेप. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात अंगात पाणी साठते आणि आत माणूस झिजत असतानाही वजन तेवढेच दिसते.

तीन दिवस ताटाकडे बघा

इथे माझ्या आईची गोष्ट सांगते. अंबाजोगाईकडच्या आमच्या गावी ती भाऊ-वहिनीजवळ राहते. सहा महिन्यांत तिचे वजन ५२ वरून ४७ किलोवर आले. वहिनी म्हणायची, “दोन भाकरी वाढते, ताट रिकामं होतं.” ते खरेच होते. मी माहेरी गेले तेव्हा तीन दिवस मुद्दाम तिच्या शेजारी बसले. आई भाकरीचा पापुद्रा तेवढा काढून दुधात बुडवायची, बोटाने दाबून मऊ करायची आणि तो गिळायची; खालचा जाड भाग आणि कड पदराखाली ठेवून, सगळे उठल्यावर गोठ्यात गाईला नेऊन घालायची. विचारले तर म्हणाली, “भाकर गोड लागंना बाई.” तिसऱ्या दिवशी तिला उजेडात बसवून कवळी काढायला लावली. खालच्या हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढा लाल व्रण होता. कवळीची कड तिथे घासत होती, आणि नवी कवळी पोराच्या पैशाची म्हणून ती तक्रार करत नव्हती.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की ताट रिकामे झाले का हे पाहू नका, पोटात काय गेले ते पाहा. सकाळच्या पहिल्या चहापासून रात्रीपर्यंत जे खाल्ले ते तीन दिवस एका कागदावर लिहा: अर्धी भाकरी, चार घास भात, दोन घोट ताक, असे. त्याबरोबर जेवायला किती वेळ लागतो, खाताना ठसका लागतो का, अन्न गालात साठून राहते का, दोन घासांतच पोट भरल्याचे सांगतात का, हात थरथरून वरण सांडते का, हेही टिपून ठेवा. आणि आपल्याकडच्या घरातली आजी सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरेल त्यात भागवते का, हे तर नक्की पाहा. पुरुषांच्या ताटात जे पडते ते तिच्या ताटात पडतेच असे नाही.

तोंड तपासा

जबडा आणि हिरड्या घरच्या घरी बॅटरीच्या उजेडात पाहता येतात. हलणारे दात, किडलेली मुळे, सैल झालेली कवळी, जिभेवर दह्यासारखा पांढरा थर, कोरडे पडलेले तोंड, यांपैकी प्रत्येक गोष्ट जेवण कमी करते. आणखी एक फेरही असतो: वजन उतरले की हिरड्याही आक्रसतात, मग पूर्वी नीट बसणारी कवळी सैल होते आणि त्यामुळे खाणे आणखी घटते. तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असलेल्यांच्या तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल-पांढरा चट्टा किंवा तोंड पूर्ण न उघडणे दिसले, तर ते कर्करोगाचे लक्षण असू शकते. तिथे घरगुती औषध लावत बसू नये. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि जिल्हा रुग्णालयांतही दंतविभाग असतो.

औषधांची पिशवी

घरातल्या सगळ्या गोळ्या, मेडिकलवरून परस्पर आणलेल्या, आयुर्वेदिक आणि शेजारणीने दिलेल्या पुड्यांसह, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन भूक मारते आणि काहींना जुलाब लावते. विस्मरणाच्या आजारासाठी (डिमेन्शिया) दिले जाणारे डोनेपेझिल, हृदयासाठीचे डिगॉक्सिन आणि लोहाच्या गोळ्या यांनी मळमळ होऊ शकते. गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण पडतो आणि जेवणाचीच भीती बसते. यांतली कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. फक्त प्रश्न विचारायचा की हिच्यामुळे भूक जात असेल का.

याच्या उलट बाजूकडे घरच्यांचे फारसे लक्ष नसते, म्हणून ती ठळकपणे सांगते. वजन आणि आहार कमी झाला, पण मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या जुन्याच मात्रेत चालू राहिल्या, तर साखर किंवा रक्तदाब धोकादायक रीतीने खाली जातो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस न जेवता राहिला आणि त्याला घाम, थरथर, बरळणे किंवा गुंगी जाणवू लागली, तर तो शुद्धीवर असेपर्यंतच गूळ किंवा साखरेचे पाणी द्यावे आणि लगेच दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये.

डॉक्टरांकडे काय सांगावे, काय मागावे

वजनाचे आकडे, तीन दिवसांचा कागद आणि औषधांची पिशवी घेऊन गेलात तर पहिल्याच भेटीत बरेच काम होते. पुढील गोष्टी आपणहून सांगाव्यात, कारण वृद्ध माणसे त्या लाजेने लपवतात: दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री भिजवणारा घाम, घास अडकणे, काळी डांबरासारखी किंवा रक्तमिश्रित शौचास होणे, शौचाची सवय बदलणे, स्तनातली गाठ, कावीळ, खूप तहान आणि वारंवार लघवी, छातीत धडधड.

सुरुवातीच्या तपासण्या साध्याच असतात. रक्तगणना, साखर, मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या, थायरॉइड, कॅल्शियम, लघवी, शौचातले न दिसणारे रक्त, छातीचा एक्स-रे आणि गरजेप्रमाणे पोटाची सोनोग्राफी, एवढ्यांतून क्षय, मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार आणि अनेक कर्करोग यांचा माग लागतो. थुंकीची क्षयतपासणी आणि क्षयाचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते, आणि निक्षय पोषण योजनेखाली उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. मोठ्या तपासण्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आपल्या आवाक्यात आहेत. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. त्यावर कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार मिळतात. हे कार्ड गरज पडण्याआधी काढून ठेवावे.

सर्व तपासण्या होऊनही काही जणांत, साधारण चारांतल्या एकात, नेमके कारण सापडत नाही. याचा अर्थ सारे ठीक आहे असा होत नाही. आहार सुधारून तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासायचे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

सलाईनबद्दल स्पष्ट लिहिणे मला भाग आहे. “अशक्तपणा आलाय, दोन बाटल्या लावा” हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे, की माझ्या आईलाही एका दवाखान्यात तीन वेळा सलाईन लावले गेले आणि तोंड मात्र एकदाही उघडून पाहिले गेले नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. तेवढ्या एका केळ्यात मिळतात. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये एकही कॅलरी नसते. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी गेले असेल तर सलाईन जीव वाचवते, पण त्याने वजन वाढत नाही, आणि हृदय कमजोर असेल तर ते पाणी फुप्फुसात साठू शकते. भूक वाढवणाऱ्या सिरपचेही तसेच आहे: सायप्रोहेप्टाडिन असलेल्या औषधाने वृद्धांना गुंगी, भ्रम आणि लघवी अडकण्याचा त्रास होऊ शकतो. नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड असण्याची भीती असते. चार दिवस भूक लागते, तोंड सुजून भरल्यासारखे दिसते आणि पुढे साखर वाढून हाडे ठिसूळ होतात.

ताट: थोडे, वारंवार आणि दमदार

वृद्ध माणसाचे पोट लवकर भरते. त्यामुळे ताटात आणखी एक भाकरी वाढून उपयोग नाही. ती पाहूनच त्यांची भूक मरते. वाढायचे तेवढेच, किंबहुना त्याहून कमी, पण प्रत्येक घासात ताकद जास्त, हे सूत्र ठेवावे. दिवसातून दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा लहान वाटी द्यावी. सकाळी भूक बरी असते, म्हणून सर्वांत चांगला आहार तेव्हा द्यावा.

आपल्या स्वयंपाकघरातच यासाठी लागणारे सगळे आहे. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात दूध, तूप आणि गूळ घातला की दात नसलेल्या माणसालाही त्या सुखाने जातात. वरणाचे पाणी देऊन समाधान मानू नये. डाळ घट्ट घोटून, त्यावर चमचाभर तूप घालून द्यावी. उडदाचे घुटे, मऊ शिजवलेली वरणफळे, दुधात कालवलेला भात, दह्याबरोबर कुस्करलेला धपाटा, शेवयांची खीर, भाजीत मुरवलेला शेंगदाण्याचा कूट हे सगळे चालते. पाहा, चमचाभर तुपात सुमारे ४५ कॅलरी, दोन मोठे चमचे शेंगदाण्याच्या कुटात सव्वाशेच्या आसपास कॅलरी आणि पाच ग्रॅम प्रथिने, एका अंड्यात सत्तर कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिने, आणि पेलाभर म्हशीच्या दुधात दोनशेच्या आसपास कॅलरी. दुधाच्या पेल्यात दोन चमचे दूध पावडर घोळली तर पेला तेवढाच राहून प्रथिने जवळजवळ दीडपट होतात. दिवसभरात एवढे सगळे पोटात गेले, तर एकही भाकरी न वाढवता चारशेच्या वर कॅलरी वाढतात.

प्रथिने वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम लागतात, म्हणजे ४५ किलोच्या आजीला ४५ ते ५५ ग्रॅम. नुसत्या भाकरी-ठेच्यावर ती भागत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

पुष्कळ घरांत दहा वर्षांपूर्वी सांगितलेली पथ्ये अजून पाळली जातात: तूप बंद, मीठ बंद, भात बंद, गोड बंद. ऐंशीच्या घरातल्या आणि झिजत चाललेल्या माणसाला ही पथ्ये तेवढ्याच कडकपणे हवीत का, हे डॉक्टरांना पुन्हा विचारा. बहुधा थोडी सूट मिळते. दर दोन तासांनी होणारा चहा मात्र भूक मारतो, त्याची जागा दुधाने किंवा घट्ट ताकाने घ्यावी. जेवणाआधी पेलाभर पाणी पिऊ देऊ नये, ते मधल्या वेळी द्यावे. मराठवाड्याच्या चैत्र-वैशाखात तर पाण्याकडे वेगळे लक्ष ठेवावे लागते, कारण म्हातारपणी तहान लागल्याचे कळत नाही. तेव्हा आंबील, मठ्ठा, लिंबू-सरबत तासातासाला दोन घोट द्यावे. चव-वास कमी झालेल्यांना लिंबू, कोथिंबीर, येसराची आमटी, जवसाची किंवा कारळाची चटणी बारीक करून दिली तर जेवणाला रुची येते. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते सोडवावे. पोट साफ नसलेल्या माणसाला अमृतही जात नाही.

उपासाचा प्रश्न नाजूक आहे. एकादशी, संकष्टी आणि आठवड्याचा वार धरून आमची आई महिन्यातले सात-आठ दिवस उपाशीच असायची. पन्नास वर्षे धरलेली एकादशी सोडा असे फर्मान काढून चालत नाही आणि ते योग्यही नाही. तिने एकादशी ठेवली, वार सोडला, आणि एकादशीला भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू नि दूध घ्यायचे कबूल केले. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी उपासाच्या दिवशीचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

एक मोठी सावधगिरी: पाच-सात दिवस ज्यांच्या पोटात जवळजवळ काहीच गेलेले नाही, त्यांना एकदम भरपूर खाऊ घालू नये. शरीरातले पोटॅशियम आणि फॉस्फेट अचानक घसरून हृदयाला धोका होतो. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्यापासून वाढवत न्यावे.

ठसका लागत असेल तर

पक्षाघातानंतर किंवा कंपवातात गिळणे बिघडते. पाणी पिताना खोकला, जेवल्यावर घशात घरघर आणि वारंवार होणारा न्यूमोनिया ही त्याची चिन्हे आहेत. अशा माणसाला खाटेवर पडल्या पडल्या भरवू नये. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान चमच्याने भरवावे, एक घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये आणि जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवावे. बहुतेकांना पाण्यापेक्षा घट्ट पदार्थ सोपे जातात, पण किती घट्ट, हे तपासून घ्यावे.

एकट्याने घास उतरत नाही

लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात कोपीजवळ सगळे गोल बसतात आणि भज्जी, उंडे, आंबील यांवर ताव मारतात. घरात दोन घास खाणारे आजोबाही तिथे तिसऱ्यांदा भज्जी मागतात. हे पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही, की सोबत हेच एक औषध आहे. म्हाताऱ्या माणसाचे ताट खोलीत नेऊन ठेवून निघून जाऊ नये. कोणीतरी, निदान नातवाने, त्याच वेळी शेजारी बसून जेवावे. घरचे ऊसतोडीला किंवा शहरात असतील तर भावकीतल्या एका घराशी बोलून एक वेळचे जेवण त्यांच्यात ठरवावे, त्याचा शिधा किंवा पैसे आधीच पोहोचवावेत, आणि फोनवर “जेवलीस का” एवढे न विचारता “काय जेवलीस” असे विचारावे.

जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात वजन उतरले, झोप गेली, माणूस बोलेनासा झाला आणि “आता कशाला राहायचं” असे म्हणू लागला, तर ते दुःख असेल किंवा नैराश्याचा आजार असेल. आजारावर औषध आहे आणि वृद्धांनाही ते लागू पडते. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ वर आहे. घरात कोणी जेवायलाच देत नसेल, अशा तक्रारीसाठीही ती वापरावी. विस्मरण झालेल्यांना जेवल्याचेच आठवत नाही किंवा समोरच्या ताटाचे काय करायचे ते कळत नाही. त्यांना एका वेळी एकच पदार्थ, ज्यात अन्न उठून दिसेल अशा ताटात द्यावा.

हालचाल

खाल्लेले मांसात उतरायला हवे असेल तर स्नायूंना काम लागते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि बसणे, जमेल तेवढ्या वेळा, सकाळ-संध्याकाळ करावे. पहिल्या आठवड्यात तीनदा जमले तरी चालेल, फक्त पडू नये म्हणून कोणीतरी जवळ असावे.

पुढे काय अपेक्षा ठेवावी

महिन्याला अर्धा ते एक किलो वाढले तर फार चांगले झाले असे समजावे. माझ्या आईची कवळी दुरुस्त झाली, व्रण भरला, कण्या आणि दूध सुरू झाले; चार महिन्यांनी काटा साडेएकोणपन्नासवर गेला आणि तिथे थांबला. त्याहून जास्त वाढले नाही, पण ती पुन्हा स्वतः पाणी शेंदायला उठू लागली. दोन महिने प्रयत्न करूनही वजन उतरतच राहिले, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. पहिल्या फेरीत न सापडलेले कारण दुसऱ्या फेरीत सापडते.

आणि असाही काळ येतो, जेव्हा खूप पुढे गेलेल्या विस्मरणात किंवा शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगात शरीरच अन्न नाकारते. त्या वेळी नाकातून नळी घालण्याचा आग्रह नातेवाईक प्रेमापोटी करतात, पण विस्मरणाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढत नाही आणि तडफड मात्र वाढते. आपल्या हाताने, हळू, जेवढे घेतील तेवढे भरवणे हेच तज्ज्ञही सुचवतात. तोंड फिरवले की थांबावे, ओठ ओल्या कापसाने पुसावेत, अर्ध्या तासाने पुन्हा चमचाभर आंबील विचारून पाहावी.